थँक यू सर!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं त्यातले निम्मे माझे वर्गमित्र, पाव नातेवाईक आणि उरलेला पाव मी स्वतः. तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये.

गड्ड्याच्या जत्रेला सगळं खटलं सोलापुरात जमलं होतं. जत्रा झाल्यावर दोन दिवस होटगीला जाऊन राहिलो. ज्यांना होटगी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोलापूरच्या पुढचं जंक्शन. इथून एक रूळ वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूर-गदगकडे. लहानपणी आम्हाला या 'जंक्शन' शब्दाचा भलताच माज होता. गावात मठ, तलाव, आणि निम्मं गाव घरात कन्नड बोलणारं. असो.

संध्याकाळी कट्ट्यावर शेंगा खात बसलो होतो. शेजारी पुतणी. दोन वर्षांपूर्वी एमबीबीएस होऊन जिल्ह्यातल्याच एका आरोग्य केंद्रात लागली आहे. बोलता बोलता म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर एक सांगू?" असं विचारणारा माणूस पुढे काय सांगणार हे साधारण कळतं. तरी म्हटलं, "सांग."

तर झालं होतं असं. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला तिच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा आणला. कडब्याच्या गंजीपाशी विंचू चावलेला. अंग घामाने भिजलेलं, दोन उलट्या झालेल्या, हातपाय गार. तिने प्रॅझोसिनची पहिली गोळी लगेच दिली. केंद्रातल्या कपाटात विंचवाचं अँटिव्हेनमही होतं. ते द्यावं की नाही एवढाच तिला प्रश्न होता. म्हणून तिने आम्हा डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. अडीचशेच्या आसपास माणसं आहेत त्यात, सर्जनपासून भुलतज्ज्ञापर्यंत.

उत्तरं आली ती अशी. एकाने स्टेरॉइड द्या म्हटलं. दुसऱ्याने कॅल्शियम. तिसऱ्याने ॲट्रोपिन सुचवलं (देवा!). मध्येच कुणाचं तरी गुलाबाच्या फुलावर 'शुभ रात्री'. मग कुणीतरी सापाच्या विषावरची एक पीडीएफ ढकलली. आणि बारा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी निकाल दिला : "प्रॅझोसिन द्या. अँटिव्हेनमच्या नादी लागू नका, त्याला पुरावा नाही." त्याखाली एकवीस जणांचे जोडलेले हात.

ते ज्येष्ठ डॉक्टर म्हणजे मी.

पुतणीने उत्तर दिलं होतं, "थँक यू सर." ग्रुपवर मी काका नसतो.

मुलगा बरा झाला. दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेल्यावर त्याचे हातपाय गरम झाले. तोवर ही पोरगी त्याच्या उशाशी बसून होती, दर थोड्या वेळाने छाती ऐकत, फुप्फुसात पाणी भरतंय का बघत. शेंगा सोलत ती शांतपणे म्हणाली, "काका, अँटिव्हेनमला पुरावा आहे. २०११ चा आहे. मला त्या रात्रीही माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"अडीचशे लोकांसमोर? तुम्हाला?"

इथपर्यंत माझी कबुली. आता भांडण.

विंचवाचीच गोष्ट पुढे नेतो, कारण आपल्या महाराष्ट्रात यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ मध्ये कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती आणि पुस्तकांत त्याबद्दल धड काही नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, उलटी, गार हातपाय, नाडी, रक्तदाब असं सगळं टिपून ठेवलं. १९८२ मध्ये त्यांचं लेखन लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आलं. विंचवाचं विष शरीरात जे वादळ उठवतं त्याच्यावर प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी चालते, हे त्यांनी दाखवून दिलं. तो निबंध १९८६ चा, पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच. गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी शंभरात चाळीसच्या आसपास मृत्यू व्हायचे, ते एकावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी ग्रुपवर तिरंगे टाकले.

पण गोष्ट १९८६ ला संपत नाही, आणि माझ्यासारख्यांची गोची तिथेच होते. याच बावस्करांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच पुढे एक चाचणी केली. सत्तर रुग्ण घेतले. काहींना नुसतं प्रॅझोसिन, काहींना प्रॅझोसिनच्या जोडीला अँटिव्हेनम. ती २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. दोन्ही औषधं मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले. नुसत्या प्रॅझोसिनवाल्यांना १७.७ तास लागले.

म्हणजे ज्या माणसाने प्रॅझोसिन जगाला दिलं त्यानेच पंचवीस वर्षांनी स्वतःच्या पानावर नवी ओळ लिहिली. आणि मी? विद्यार्थी असताना पाठ केलेली १९८६ ची आवृत्ती मी मध्यरात्री निकाल म्हणून सुनावत होतो, आणि एकवीस जण मला नमस्कार करत होते. त्या मुलाला अँटिव्हेनम दिलं असतं तर तो लवकर सावरला असता का? एका रुग्णावरून सांगता येत नाही. पण ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही एवढं खरं.

आता सांगा, आमच्याकडे साधनांची वाण होती का? फोन होता, नेट होतं, अडीचशे डॉक्टर होते, आणि बरोबर उत्तरही त्या अडीचशेंतल्या एकीला ठाऊक होतं. तरी ते बाहेर आलं नाही.

मला कुणी म्हणालं की "आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर शिकतो" तर आता माझं डोकं फिरतं. तो ग्रुप म्हणजे दरबार आहे हो. जो शेवटी बोलला किंवा ज्याचे केस जास्त पांढरे, त्याचं खरं. कालचं बोललेलं आज वर सरकून जातं. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाकडे असाच मुलगा आला तर तोच प्रश्न पुन्हा, तीच सतरा उत्तरं पुन्हा, आणि तोच गुलाब. चुकीची ओळ खोडायची सोय नाही. मी माझं वाक्य काढून टाकलं तर 'हा मेसेज डिलीट केला' एवढंच उरतं. काय चुकलं, कशामुळे चुकलं, कुणी दुरुस्त केलं, यातलं काहीच राहत नाही. आणि रुग्णाचे फोटो! चेहरा, नाव, कधी कधी केसपेपरसकट. त्यावर बोलायला लागलो तर लेख वेगळीकडेच जाईल.

सगळ्यांनी मिळून लिहायचं सामाईक पान, विकीसारखं, ही गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे विंचूदंशाचं एकच पान असतं. ओळ कुणी लिहिली, कुणी खोडली, कधी खोडली, कोणत्या आधाराने, हा सगळा इतिहास मागे राहतो. रात्री साडेअकराला पुतणीला माझी वाट बघावी लागली नसती. तिने पान उघडलं असतं. आणि मुख्य म्हणजे तिने माझी ओळ आधीच खोडून ठेवली असती, दिवसाढवळ्या, निवांत, रुग्ण समोर नसताना.

यावर ठरलेला आक्षेप असा : "कुणीही येऊन काहीही लिहील, मग रुग्ण मरतील." हे म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे विचारतो, आत्ता काय चाललं आहे? ॲट्रोपिन सुचवणारा नोंदणीकृत डॉक्टरच होता. फरक इतकाच की त्याची चूक कुणी खोडली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ पासून शेवटच्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना विकिपीडियावरचे वैद्यकीय लेख सुधारण्याचं काम अभ्यासक्रमात दिलं, त्याचं श्रेयही दिलं. डेंग्यूवरचा विकिपीडियाचा लेख तज्ज्ञांकडून रीतसर तपासून घेऊन २०१४ मध्ये 'ओपन मेडिसिन' या नियतकालिकात छापला गेला. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती यायला चार-पाच वर्षं लागतात, आणि आमच्या कपाटातली तर कॉलेजातून घेतलेलीच असते.

दुसरा आक्षेप, "तज्ज्ञाशिवाय खेड्यातला डॉक्टर काय करणार?" न्यू मेक्सिको हे अमेरिकेतलं एक विरळ वस्तीचं, कोरडं राज्य. तिथे डॉ. संजीव अरोरा हे हेपटायटिस सी चे तज्ज्ञ. रुग्ण लांबून लांबून यायचे, महिनोन् महिने नंबर लागायचा नाही. २००३ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. खेड्यापाड्यातले डॉक्टर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसायचे, आपापला रुग्ण नाव न सांगता मांडायचे, तज्ज्ञ बोलायचे आणि इतर डॉक्टरही बोलायचे. औषध द्यायचं ते खेड्यातल्या डॉक्टरनेच. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, खेड्यातल्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही! बरं, २०११ मध्येच 'एको' आणि २०११ मध्येच महाड. दोन्हीकडे धडा एकच होता, आणि आम्ही तेव्हा काय करत होतो? सर्टिफिकेट गोळा करत होतो.

हो, सर्टिफिकेट. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास सतत शिक्षण घ्यावं असं आलं. आपल्याकडे त्याचे झाले क्रेडिट पॉइंट. हेतू चांगलाच होता. पण प्रत्यक्षात मी जे भोगलं ते सांगतो (कोणत्या संस्थेचा कार्यक्रम ते विचारू नका, जवळजवळ सगळीकडे हेच). रविवार, हॉटेलचा हॉल, एसी थंडगार. सकाळी सही. वक्ता चाळीस मिनिटांत नव्वद स्लाइड पळवणार. प्रश्नोत्तरांना वेळ नाही कारण पनीर गार होतंय. जेवणानंतर सही. संध्याकाळी सर्टिफिकेट. मागच्या पाच वर्षांत ज्या भाषणांना मी बसलो त्यातल्या एकाही वक्त्याला कुणी "हे चूक आहे" म्हणाल्याचं मला आठवत नाही. एकदा एका तरुण मुलाने हात वर केला होता, तर सूत्रसंचालकाने "सरांना चहाच्या वेळी विचारा" म्हणून बसवला. माझ्याकडे पॉइंट पुरेसे आहेत. नोंदणीचं नूतनीकरण बिनबोभाट होतं. विंचवाचं ज्ञान मात्र १९८६ ला थांबलेलं. यावर हसावं की रडावं?

माझं म्हणणं साधं आहे. पॉइंट द्यायचेच तर जो सामाईक पानावर आधारासकट ओळ दुरुस्त करेल त्याला द्या. ज्याची ओळ दुरुस्त झाली आणि ज्याने ते मान्य केलं त्यालाही द्या, थोडे जास्तच द्या. हॉलमध्ये झोपलेल्याला मिळतात त्यापेक्षा हे खरे कमावलेले पॉइंट असतील.

कुणी म्हणेल ही सगळी परदेशी थेरं. अहो, नाही! १९७४ मध्ये आपल्या देशातल्या काही डॉक्टरांनी 'मेडिको फ्रेंड सर्कल' काढलं. १९७६ पासून त्यांचं बुलेटिन निघायला लागलं. त्यात लेख यायचा, पुढे त्याच्यावर कुणी टीका लिहायचं, मग मूळ लेखक उत्तर द्यायचा, आणि मग सगळे एकत्र जमून तोंडावर भांडायचे. सगळं पोस्टाने! तिकीट लावून! डॉ. श्याम अष्टेकरांनी 'भारतवैद्यक'मधून मराठीत आरोग्याचं केवढं ज्ञान आणून ठेवलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आणि आमच्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत, रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. तेव्हा "आपल्याकडे हे होत नाही" हे निदान सोलापूरकराने तरी म्हणू नये.

आणि एक काम तर असं आहे की ते लंडनला बसून कुणी करूच शकत नाही. होटगीची म्हातारी पोट धरून येते आणि म्हणते, "होट्टी ब्यानी." मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला नवा डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहतो. अहो, कन्नड सोडा, मराठीचं तरी काय? "अंगावरून जातंय", "गुबारा धरलाय", "हातपाय गळाल्यासारखे झालेत", "आतल्या आत कसंतरी होतंय". यातलं कोणतं वाक्य कोणत्या तालुक्यात कशासाठी वापरतात हे कोणत्या पुस्तकात आहे? 'कसंतरी होतंय' म्हणणाऱ्या बाईचा हृदयविकार पित्त समजून घरी पाठवल्याची उदाहरणं प्रत्येक डॉक्टरच्या मनात असतात, बोलून कुणी दाखवत नाही. ही यादी नर्सबाई, आशाताई, कंपाउंडर आणि डॉक्टर यांनी मिळूनच लिहावी लागेल. आणि त्यात आशाताईने डॉक्टरची ओळ खोडली तर डॉक्टरने गप्प बसून ती वाचावी लागेल.

इथेच घोडं पेंड खातं. इंटरनेटचा वेग, मराठी टायपिंग, वेळ नाही, या सगळ्या सबबी मी स्वतः वापरून झाल्या आहेत. लॉकडाउननंतर २०२१ मध्ये आम्ही सहा-सात मित्रांनी एक सामाईक गूगल डॉक्युमेंट उघडलं होतं. ताप, साप, विंचू, कुत्रं, खतऔषधाची विषबाधा, असं रोज लागणारं. तीन आठवड्यांत ते मेलं. का मेलं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता इतिहास उघडून पाहिला तर स्वच्छ दिसतं. मी लिहिलेल्या प्रत्येक परिच्छेदाखाली ज्युनिअर मुलांनी "छान सर", "उपयुक्त सर" लिहून ठेवलंय. एकानेही एक अक्षर बदललेलं नाही. बदलायचा अधिकार सगळ्यांना दिला होता. पण हिंमत द्यायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही एमबीबीएसला राउंडवर चुकीचं बोलणाऱ्या सरांच्या मागून मान डोलवत फिरलो, पुढे सर झालो आणि आता आमच्या मागून दुसरे मान डोलवतात. या रोगाला कुठलं सॉफ्टवेअर लागू पडणार?

थोडं लागू पडेल असं मला वाटतं, म्हणून तर भांडतो आहे. समोरासमोर "सर, तुम्ही चुकताय" म्हणणं अवघड असतं. पण पानावरची एक ओळ खोडून शेजारी आधार लिहिणं त्यापेक्षा सोपं. तिथे ओळ चुकते, सर चुकत नाहीत. (हे वाक्य वर्गमित्रांनी दोनदा वाचावं.)

होटगीहून परत निघायच्या आधी त्याच कट्ट्यावर बसून मी ते जुनं डॉक्युमेंट फोनवर उघडलं. 'विंचूदंश' या मथळ्याखाली माझी ओळ तशीच होती : 'अँटिव्हेनमची गरज नाही.' फोन पुतणीच्या हातात दिला. म्हटलं, "खोड."

ती म्हणाली, "तुम्हीच खोडा ना."

"मी खोडली तर ती माझी दुरुस्ती होईल. तू खोड."

तिने खोडली. खाली २०११ ची चाचणी आणि दोन्ही आकडे लिहिले. मग जरा थांबून वरच्या, प्रॅझोसिनच्या परिच्छेदातली अजून एक ओळ खोडली. मी म्हटलं, "अगं, ती का?" तर म्हणाली, पहिली गोळी दिल्यावर मुलाला उठवून बसवायचं नाही, आडवंच ठेवायचं, रक्तदाब एकदम पडू शकतो. तुम्ही 'पालकांनी कडेवर घ्यावे' असं लिहिलंय.

लिहिलं होतं खरं. चार वर्षांहून जास्त काळ ते तिथे होतं आणि त्याखाली "उपयुक्त सर" होतं, चार वेळा.